कौन्सिलातील बाबासाहेब

बाबासाहेबांचे चरित्र आपल्या सभांतून सांगितले जाते तेव्हा महाड, नाशिक, येवला आणि नागपूर ही चार गावे त्यात हमखास येतात, आणि ती यायलाच हवीत. परंतु या गावांच्या अधूनमधून बाबासाहेब आणखी एका जागी सतत जात होते. ती जागा म्हणजे मुंबई इलाख्याचे कायदे कौन्सिल. तेथे हजारोंचा जमाव नव्हता. छापील अंदाजपत्रक, प्रश्नोत्तरांची यादी आणि बोलण्यासाठी मोजून दिलेली मिनिटे, एवढेच साहित्य होते. कदाचित म्हणूनच आपले व्याख्याते या भागावरून घाईने पुढे जातात. मी शाळेत शिकवतो. हजेरीपट आणि टाचण यांत आमचा दिवस जातो, म्हणून असेल, मला चरित्राचा हा कागदी भाग फार जवळचा वाटतो. महाराष्ट्र शासनाने १९८२ साली बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचा दुसरा खंड प्रसिद्ध केला. त्यात ही सारी भाषणे आणि प्रश्न एकत्र छापले आहेत. ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी तो खंड अवश्य चाळावा. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी हे थोडेसे.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सैन्यातील शाळेत शिक्षक होते. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा मुंबईत त्यांच्या अभिनंदनाची एक लहानशी सभा भरली. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले, ही गोष्ट आपल्या मुलांनाही पाठ आहे. पण त्या सभेचे अध्यक्ष कोण होते, असे विचारले तर पुष्कळदा उत्तर येत नाही. ते होते सीताराम केशव बोले. भंडारी समाजातले, गिरणी कामगारांत वावरणारे, पुढे १९०९ साली कामगार हितवर्धक सभा काढणारे हे गृहस्थ. त्यांचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण ते या लेखात पुन्हा येणार आहे.

पुढचे शिक्षण सर्वांना माहीत आहे : एलफिन्स्टन कॉलेज, बडोद्याची शिष्यवृत्ती, १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठ, नंतर लंडन. मात्र ते काय शिकले हे आपण सहसा सांगत नाही. कोलंबियासाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेचा विकास. केंद्र सरकारच्या तिजोरीतून प्रांतांकडे पैसा आणि अधिकार कसकसे सुटत गेले, कोणत्या साली कोणती बाब प्रांताच्या हाती आली आणि तिच्यावर हुकूम कोणाचा चालत राहिला, याचा तो इतिहास आहे. १९२५ साली तो पुस्तकरूपाने निघाला. महाराच्या मुलाने अमेरिकेत जाऊन हाच विषय का घेतला असेल? त्याचे उत्तर पुढे कौन्सिलात मिळते. सरकार गरिबासाठी काय करते हे पाहायचे तर त्याचे भाषण ऐकत बसू नये, त्याची जमाखर्चाची वही उघडावी. बाबासाहेबांनी ती वही वाचायला आधी शिकून घेतले आणि मग ते सभागृहात पाऊल टाकते झाले.

हे कौन्सिल कसे होते तेही थोडे समजून घेतले पाहिजे. १९१९ च्या कायद्याने प्रांतांना मर्यादित स्वराज्य मिळाले. त्या पद्धतीला द्विदल राज्यपद्धती म्हणत. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य, अबकारी अशी खाती लोकांतून आलेल्या मंत्र्यांकडे सोपवली, ती सोपीव खाती. पोलीस, शेतसारा, अर्थ ही खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाने आपल्याकडे ठेवली, ती राखीव. म्हणजे शाळा काढण्याची जबाबदारी एकाकडे आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे. सभासदाला प्रश्न विचारता येत, ठराव मांडता येत, अंदाजपत्रकावर बोलता येई, एखाद्या खात्याच्या मागणीत कपात सुचवता येई. पण ठराव ही नुसती शिफारस असे. सरकारने ती मानलीच पाहिजे असे बंधन नव्हते. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना तरुण आंबेडकरांनी अस्पृश्यांना मताचा हक्क आणि स्वतःचे प्रतिनिधी मागितले होते. मिळाल्या त्या सरकारने नेमलेल्या एकदोन जागा. शंभराहून अधिक सभासदांत आपला माणूस शोधावा लागे.

अशा या कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांनी एक ठराव मांडला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, तळी, पाणवठे, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्यांना मोकळे असावेत, अशी शिफारस त्यात होती. ठराव मंजूर झाला. त्या वर्षीच्या ११ सप्टेंबरला सरकारने खातेप्रमुखांना तो अमलात आणण्याविषयी लिहिले. ५ जानेवारी १९२४ रोजी महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. तीन कागद झाले : कौन्सिलचा, सरकारचा आणि नगरपालिकेचा. तळ्यावर मात्र कोणी गेले नाही, कारण जाणाऱ्याची पाठ कोण राखणार याविषयी तिन्ही कागदांत एक ओळ नव्हती. बोल्यांना हे कळत होते. ५ ऑगस्ट १९२६ रोजी ते पुन्हा उभे राहिले आणि त्यांनी दुसरा ठराव आणला की, ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे पहिला ठराव पाळणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. हा मनुष्य व्यवहार जाणणारा होता. नगरपालिकेला उपदेश करून ऐकू येत नाही, अनुदानाचे नाव काढले की येते, हे त्याने ओळखले होते.

त्या वर्षाच्या अखेरीस गव्हर्नरांनी डॉ. आंबेडकर आणि डॉ. पुरुषोत्तम सोळंकी यांची अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून नेमणूक केली. फेब्रुवारी १९२७ मध्ये बाबासाहेबांनी शपथ घेतली. वय छत्तीसही पुरे नव्हते. वकिली नुकती सुरू झालेली, पोटासाठी एका अकौंटन्सीच्या संस्थेत शिकवणे चालू, परळच्या चाळीत संसार. नेमलेल्या सभासदाने सरकारला दुखवू नये असा एक अलिखित संकेत त्या काळी होता. नेमणूक केली कोणी, सरकारने. मग टीका कशी करायची? अनेकांनी हा संकेत पाळला आणि सुखाने आपली मुदत काढली. बाबासाहेबांनी पहिल्याच अंदाजपत्रकी भाषणात तो मोडला.

ते भाषण २४ फेब्रुवारी १९२७ चे. त्यात त्यांनी अस्पृश्यतेचे दुःख सांगितले असेल असे कोणास वाटेल. तसे नाही. त्यांनी शेतसाऱ्यावर हल्ला केला. प्राप्तिकर देणाऱ्याला वर्षात मिळकत झाली नाही तर कर लागत नाही. शेतकऱ्याला मात्र पीक बुडो, शेत पडीक राहो, सारा चुकत नाही. एक एकराचा धनी आणि शंभर एकरांचा धनी दोघेही त्याच दराने सारा भरतात, हा कोणता न्याय, असा त्यांचा मुद्दा होता. लहान शेतकरी कोणत्याही जातीचा असो, त्याच्यावरचा बोजा उतरवा, ही मागणी त्यांनी केली. पहिल्याच भाषणात ते साऱ्या गरीब शेतकऱ्यांचे वकील झाले, याची आठवण आज फार थोड्यांना आहे.

यानंतर आला १२ मार्च १९२७ चा दिवस. त्या दिवशी शिक्षणाच्या मागणीवर चर्चा होती. मी शिक्षक असल्यामुळे येथे जरा रेंगाळणार आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

बाबासाहेबांनी त्या दिवशी एक एक आकडा काढून टेबलावर ठेवला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. म्हणजे त्यांच्यावर केलेला खर्च वाया जातो आणि मुलेही वाया जातात. सरकार माणशी शिक्षणावर १४ आणे खर्च करते, पण दारूच्या उत्पन्नातून त्याच माणसाकडून दोन रुपयांहून अधिक वसूल करते. निदान दारूतून घेता तेवढे तरी शिक्षणावर परत द्या, असे त्यांनी सुचवले. कॉलेजांचा छत्तीस टक्के आणि हायस्कुलांचा एकतीस टक्के खर्च फीमधून निघतो हे दाखवून त्यांनी विचारले की, हे शिक्षण आहे की दुकानदारी? ज्याला देता येईल त्याने विकत घ्यावे अशी शिक्षण ही वस्तू नव्हे. खालचे वर्ग आता कुठे शाळेच्या पायरीशी येत आहेत, अशा वेळी ते जास्तीत जास्त स्वस्त केले पाहिजे.

मग त्यांनी वर्गवारी काढली. सरकारच्या हिशेबात तेव्हा लोकांचे चार वर्ग होते : पुढारलेले हिंदू, मुसलमान, मधले आणि मागासलेले. प्राथमिक शिक्षणात पुढारलेल्यांच्या दर हजारी ११९ मुले, तर मागासलेल्यांच्या दर हजारी १८. कॉलेजात पुढारलेल्यांचे दोन लाखांमागे एक हजार विद्यार्थी, मागासलेल्यांचा जवळजवळ एकही नाही. लोकसंख्येत ज्यांचा क्रमांक दुसरा ते शिक्षणात सर्वांत शेवटी. हे आकडे सरकारनेच छापले होते. बाबासाहेबांनी ते एका ओळीत मांडले एवढेच, पण तोपर्यंत कोणी ते मांडले नव्हते.

गळती हा शब्द आम्हा शिक्षकांच्या रोजच्या तोंडी आहे. जूनमध्ये आलेली मुलगी दिवाळीनंतर दिसेनाशी होते, तिच्या नावापुढे आम्ही लाल शाईने खुणा करीत जातो आणि शेवटी नाव कमी करतो. मला पहिल्यांदा ते ब्याऐंशी मुलांचे वाक्य वाचनात आले तेव्हा मी आमच्या हजेरीपटाकडे पाहिले. बाबासाहेबांच्या आधी कौन्सिलात पुष्कळांनी पटावरची संख्या वाढल्याबद्दल सरकारचे अभिनंदन केले असेल. कमी झालेल्या नावांची चौकशी करणारा हा सभासद वेगळा होता.

त्याच भाषणात त्यांची आणखी एक सूचना आहे. अस्पृश्य मुलांना शिष्यवृत्तीचे थोडे थोडे पैसे वाटण्यापेक्षा त्याच रकमेतून वसतिगृहे काढावीत. पैसे घरात जातात आणि घराच्या भुकेत संपतात. मुलगा वसतिगृहात राहिला तर त्याला दिवा, पुस्तक आणि अभ्यास करणारे सोबती मिळतात. हे वाचून मला माझे स्वतःचे दिवस आठवले. आमच्या घराण्यात कॉलेजचा उंबरा ओलांडणारा मी पहिला. वसतिगृहात आम्ही बारा जण एका खोलीत होतो, शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर यायची, भात कच्चा असायचा. तरी तेथे दिवा होता. घरी राहिलो असतो तर मीही त्या ब्याऐंशीत गेलो असतो. १९२८ साली बाबासाहेबांनी दलितवर्ग शिक्षण संस्था स्थापन केली आणि सरकारी मदतीने चालणाऱ्या वसतिगृहांचे काम तिने हाती घेतले. कौन्सिलात केलेली सूचना दुसऱ्या वर्षी अंगावर घेऊन चालवून दाखवायची, ही त्यांची रीत.

१२ मार्चचे भाषण संपले आणि सातच दिवसांनी, १९ आणि २० मार्चला, महाडची परिषद झाली. आपण या दोन गोष्टी निरनिराळ्या पानांवर वाचतो, म्हणून त्यांचे नाते दिसत नाही. महाडला जमलेले हजारो लोक तळ्यावर गेले ते कौन्सिलच्या १९२३ च्या ठरावाचा आणि नगरपालिकेच्या १९२४ च्या ठरावाचा आधार घेऊन गेले. कायदा हातात असलेले लोक पाणी प्यायला निघाले होते. पुढे काय झाले ते सांगायला नको. देवळात शिरणार अशी आवई उठवून लोकांवर लाठ्या चालवण्यात आल्या, तळे पंचगव्याने शुद्ध करण्यात आले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षे पुरी होत असताना, महाड नगरपालिकेने आपला आधीचा ठराव मागे घेतला. तारीख मुद्दाम निवडली असेल असे मला वाटत नाही. तरी ती वाचताना मन खिन्न होते. डिसेंबरात दिवाणी दावा लागला, मनाई हुकूम आला आणि २५ डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेत तळ्यावर न जाता मनुस्मृती जाळण्यात आली. दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने निकाल दिला की, अस्पृश्यांना वगळण्याची परंपरागत वहिवाट सिद्ध झालेली नाही. एका ठरावाला पाण्यापर्यंत पोहोचायला चौदा वर्षे लागली.

कौन्सिलातले काम इकडे चालूच होते. बाबासाहेब आणि डॉ. सोळंकी हे दोघे सरकारला प्रश्न विचारीत राहिले. शाळांतून अस्पृश्य मुलांना कोठे बसवतात, सरकारी पडीक जमिनी अस्पृश्यांना का मिळत नाहीत, पोलिसांत त्यांची भरती का नाही, अशा तऱ्हेचे हे प्रश्न असत. उत्तरे कधी त्रोटक, कधी माहिती गोळा केली जात आहे अशा थाटाची. आजही आमदारांच्या प्रश्नांना अशी उत्तरे मिळतात, तेव्हा ही कला जुनी आहे. परंतु एकदा छापला गेलेला प्रश्न परत घेता येत नाही. १९२८ साली डॉ. सोळंकी यांच्या ठरावावरून सरकारला स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमावी लागली. बाबासाहेब तिचे सभासद होते. त्यांनी इलाख्यात फिरून अस्पृश्यांच्या शिक्षणाची व आर्थिक स्थितीची पाहणी केली आणि १९३० मध्ये अहवाल दिला. विशेष म्हणजे या दौऱ्यात प्रत्यक्ष समितीच्या सभासदाला, बॅरिस्टराला, ठिकठिकाणी अस्पृश्यतेचा अनुभव आला. चाळीसगावला टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला, अनुभव नसलेला माणूस टांगा हाकू लागला आणि अपघात होऊन बाबासाहेबांचा पाय मोडला. सरकारी चौकशीला याहून मोठा पुरावा कोणता हवा होता?

१९२८ मधील दोन गोष्टी आणखी सांगतो. जुलैत गिरणीतील बाळंतिणींना पगारी विश्रांती देणारे विधेयक चर्चेला आले. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला आणि या खर्चाचा भार मालकाबरोबर सरकारनेही उचलावा असे मत मांडले, कारण आईची प्रकृती ही साऱ्या राष्ट्राची बाब आहे. १९२९ साली तो कायदा झाला. हिंदुस्थानातील या प्रकारचा तो पहिला. आज नोकरदार स्त्रियांना बाळंतपणाची रजा मिळते, तेव्हा या चर्चेत उभे राहिलेल्या सभासदाचे नाव त्यांच्या कानी पडले तर बरे.

दुसरी गोष्ट महार वतनाची. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. वतनदार महार म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगावे लागते. टपाल पोचवणे, सारा वसुलीला हाका घालणे, आलेल्या अंमलदाराची सरबराई, रात्री-अपरात्री बोलावणे. ज्याची पाळी तो घरी नसेल तर त्याच्या बापाने, भावाने, बायकोने जावे. बदल्यात तुकडा तुकडा झालेली इनाम जमीन, गावाकडून मागून आणायचे बलुते आणि नाममात्र रोकड. चोवीस तासांचा नोकर, आणि पगार मात्र तिसऱ्याच्या दारात जाऊन मागायचा! बाबासाहेबांचे म्हणणे होते की, काम सरकारचे असेल तर पगार सरकारने रोख द्यावा, बलुत्याऐवजी पैशात कर वसूल व्हावा आणि ज्याला वतन सोडायचे असेल त्याला पूर्ण सारा भरून जमीन आपल्या नावे करून घेता यावी. सरकारला खर्चाची भीती वाटली, गावच्या पुढाऱ्यांना गुलाम जाण्याची. समितीत विधेयकाचा गाभाच उरला नाही, तेव्हा १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतले. आपल्यातल्याही काहींनी तेव्हा विरोध केला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. वतन ही बेडी आहे हे कळायला वेळ लागतो, कारण ती दिसते जमिनीसारखी.

सायमन कमिशनबरोबर काम करण्यासाठी कौन्सिलने जी प्रांतिक समिती निवडली तिच्यात बाबासाहेब होते. इतरांशी मत जुळेना, म्हणून मे १९२९ मध्ये त्यांनी स्वतंत्र अहवाल दिला. द्विदल पद्धती काढून टाका, प्रांतात पूर्ण जबाबदार सरकार द्या आणि प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. गोलमेज परिषदा, पुणे करार, येवल्याची घोषणा हे सर्व यापुढचे, आणि ते वाचकांना ठाऊक आहे.

१९३५ च्या कायद्याने प्रांतिक स्वायत्तता आली. बाबासाहेबांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. फेब्रुवारी १९३७ च्या निवडणुकीत पक्षाचे सतरा उमेदवार उभे होते, त्यांतील बहुतेक निवडून आले. बाबासाहेबांच्या विरुद्ध काँग्रेसने नामांकित क्रिकेटपटू पी. बाळू यांना उभे केले होते, ते पडले. आता बाबासाहेब नेमलेले नव्हते, लोकांनी पाठवलेले होते, आणि समोर बाळासाहेब खेर यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ होते. साहेबाच्या सरकारला जे प्रश्न विचारले तेच आपल्या सरकारला विचारायचे की नाही? पुष्कळांना वाटत होते, की आता गप्प बसावे. बाबासाहेबांना तसे वाटले नाही.

मंत्र्यांनी पाचशे रुपये पगार घ्यायचे ठरवले आणि त्यागाचा गाजावाजा झाला, तेव्हा बाबासाहेबांनी त्या विधेयकावर टीका केली. कारभाराला लायक माणूस लागतो, आणि पगाराचा विचार लायकी व सचोटी यांच्या कसोटीवर व्हावा, असे त्यांचे मत होते. हे त्यांचे मत लोकप्रिय होण्यासारखे नव्हते, मलाही ते प्रथम पटले नव्हते. पण गरिबीचा देखावा म्हणजे गरिबाचे काम नव्हे, हा त्यातला मुद्दा खरा आहे.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. कोकणात खोत कुळांकडून वसूल करी आणि सरकारला भरी. मधल्या मध्ये काय होई ते कुळालाच माहीत. ही कुळे बहुतेक कुणबी आणि महार. १० जानेवारी १९३८ रोजी वीस हजारांच्या आसपास शेतकरी बाबासाहेब आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन आले. कोकणातून बोटीने, पायी, घोंगड्या खांद्यावर टाकून आलेली ही माणसे. महाडला कौन्सिलचा ठराव तळ्यावर गेला होता. या खेपेला शेत कौन्सिलच्या दारी आले. शिष्टमंडळ मुख्यमंत्र्यांना भेटले, आश्वासन मिळाले, विधेयक मात्र मंजूर झाले नाही.

त्याच महिन्यात, २२ जानेवारीला, लोकल बोर्डांच्या विधेयकात अस्पृश्यांना हरिजन म्हणण्याचे कलम आले. भाऊराव गायकवाड यांनी आक्षेप घेतला. ज्यांना नाव द्यायचे त्यांनाच ते नको असेल तर बहुमताने लादू नका, एवढीच विनंती होती. बहुमताने ती फेटाळली आणि स्वतंत्र मजूर पक्ष सभागृहाबाहेर पडला. त्याच वर्षी सप्टेंबरात कामगारांच्या संपाच्या हक्काला वेसण घालणारे विधेयक आले. बाबासाहेबांनी सांगितले की, संप करणे हा गुन्हा ठरवाल तर माणसाला मनाविरुद्ध राबवणे कायदेशीर कराल, आणि त्याला गुलामी म्हणतात. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला. विधेयक तरीही मंजूर झाले.

फेब्रुवारी १९३९ मध्ये दारूबंदीचे अंदाजपत्रक आले. आता एक गंमत पाहा. १९२७ साली दारूच्या उत्पन्नाकडे बोट दाखवून शिक्षण मागणारे बाबासाहेब १९३९ साली दारूबंदीला घाई कशाला, असे विचारत होते. टीकाकारांनी विसंगती काढली. पण हिशेब तोच होता. अबकारीचे उत्पन्न गेले की पैसा कमी होणार, आणि शाळा, दवाखाने, जमीन यांच्या आधी दारूबंदी ही सर्वांत निकडीची बाब कशी ठरते, असा त्यांचा प्रश्न होता. मला स्वतःला या बाबतीत अजून पुरते ठरवता आलेले नाही. आमच्या वस्तीत दारूने मोडलेली घरे मी पाहिली आहेत.

त्या वर्षी महायुद्ध सुरू झाले, काँग्रेस मंत्रिमंडळे गेली, सभागृहाचे काम थांबले. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. पंधरा वर्षे प्रश्न विचारलेला माणूस दिल्लीत उत्तरे देणाऱ्यांच्या बाकावर बसला. पुढे घटना, हिंदू कोड बिल, १९५१ चा राजीनामा, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षाभूमी. ६ डिसेंबरला ते गेले तेव्हा राज्यसभेचे सभासद होते.

खोती नष्ट करणारा कायदा मुंबई विधिमंडळाने १९४९ साली केला. महार वतने १९५८ च्या कायद्याने गेली, म्हणजे बाबासाहेबांनी विधेयक मांडल्यानंतर तीस वर्षांनी. जमीन पुन्हा नावे करून घेण्यासाठी सरकारात पैसे भरावे लागले. माझ्या आजोबांनी एक बैल विकून ते भरले होते. त्याची पावती आईने पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे. आजोबांना वाचता येत नव्हते, म्हणून ती पावती त्यांनी तलाठ्याकडून दोनदा वाचून घेतली होती.